पाणी नाकारणारी वाळू आणि कोरड्यातली पेरणी

पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थ शहराच्या उत्तरेपासून दक्षिण किनाऱ्यापर्यंत गव्हाचा मोठा पट्टा पसरलेला आहे. या पट्ट्यातल्या रेताड शेतात मे महिन्यातला पहिला पाऊस पडून गेल्यावर एक चमत्कारिक दृश्य दिसते. रात्रभरात दहा-पंधरा मिलिमीटर पाऊस झालेला असतो आणि खोलगट जागी पाण्याची डबकी साचलेली असतात. त्याच डबक्याखालची वाळू बोटाने उकरून पाहिली, तर ती उन्हाळ्यात होती तशीच कोरडी आणि भुरभुरीत असते. पाणी वर आहे, बी खाली आहे, दोघांमध्ये दोन बोटांचे अंतर आहे आणि तेवढे अंतर पाण्याला ओलांडता येत नाही.

आठ-पंधरा दिवसांनी अशा शेतातली उगवण पाहिली, तर एका ओळीत हातभर रोपे, मग हातभर मोकळी जागा, पुन्हा चार रोपे असा प्रकार असतो. जिथे पाण्याला योगायोगाने वाट मिळाली, तिथे ते एखाद्या नळीतून उतरावे तसे खोल गेलेले असते आणि शेजारची माती कोरडीच राहिलेली असते. उरलेले बी पुढच्या पावसानंतर किंवा त्याच्याही पुढच्या पावसानंतर उगवते. त्यामुळे एकाच शेतात तीन वयांचे पीक उभे राहते. तणही असेच टप्प्याटप्प्याने उगवते, म्हणून एका फवारणीत आवरत नाही. हे पेरणाऱ्याचे किंवा बियाण्याचे अपयश नव्हे. मातीच पाणी घेत नाही. मातीने पाणी घ्यावे म्हणून पेरणीच्या वेळी ओळीत जे द्रव्य सोडतात, त्याला वेटिंग एजंट म्हणतात. ते काय करते, कसे करते आणि कुठे काहीच करू शकत नाही, हे या लेखात समजून घेऊ.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कृषी विभागाच्या अंदाजानुसार राज्याच्या नैर्ऋत्य भागात सुमारे 1 कोटी हेक्टर शेतजमिनीला हा धोका आहे. त्यातल्या सुमारे 33 लाख हेक्टरांवर तो तीव्र आणि सुमारे 69 लाख हेक्टरांवर मध्यम स्वरूपाचा आहे. महाराष्ट्राच्या एकूण भौगोलिक क्षेत्राच्या जवळजवळ एक-तृतीयांश एवढे हे क्षेत्र आहे. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातही अशा जमिनी मोठ्या प्रमाणावर आहेत. तिथले ऋतू आपल्यापेक्षा उलटे आहेत. उन्हाळा लांब आणि कोरडा असतो आणि पाऊस प्रामुख्याने मे ते ऑक्टोबर या थंडीच्या महिन्यांत पडतो. गव्हाच्या पट्ट्यात तो बहुतेक ठिकाणी वर्षाला 300 ते 500 मिलिमीटरच्या आसपास असतो. गहू, जव, कॅनोला (मोहरीच्या कुळातले तेलबियांचे पीक) आणि लुपिन (शेंगवर्गीय पीक) ही पिके याच पावसावर येतात. एकेका कुटुंबाकडे काही हजार हेक्टर जमीन असते. पाऊस पडल्यावर वाफसा पाहून पेरायला घेतले, तर शेवटच्या शेतापर्यंत पोहोचेतो हंगामाचे मोलाचे दिवस निघून जातात. म्हणून एप्रिलच्या उत्तरार्धापासूनच बरेचसे क्षेत्र कोरड्या मातीत पेरून ठेवतात आणि पावसाची वाट पाहतात. आपल्याकडे खानदेशात आणि विदर्भात कापसाची किंवा कोकणात भाताची धूळवाफ पेरणी करतात, ती हीच पद्धत. फरक एवढाच की तिथे धुळीत पेरलेल्या बियाण्याभोवतीची माती पहिला पाऊस झिडकारते.

वाळूवर मेण कुठून येते

वाळू पाणी घेत नाही, हे ऐकायला विपरीत वाटते, कारण आपला अनुभव उलट आहे. नदीकाठच्या वाळूत ओतलेले पाणी क्षणात नाहीसे होते. स्वच्छ वाळूचा कण म्हणजे गारगोटीचा बारीक तुकडा, आणि गारगोटीवर पाणी सहज पसरते. पण शेतातल्या वाळूचे कण स्वच्छ नसतात. झाडाझुडपांची पाने, पिकांचे धसकट आणि मुळे कुजताना त्यांतला बहुतेक भाग सूक्ष्मजीव खाऊन टाकतात. पानांवरचे मेण मात्र सहजासहजी कुजत नाही. ते मागे उरते आणि उन्हाळ्याच्या उष्णतेने कणाकणावर पसरून त्याचा अतिशय पातळ थर बसतो. या प्रदेशातली मूळची झाडी निलगिरीच्या आणि बँक्सियाच्या जातीची, म्हणजे कोरड्या हवेत पाणी वाचवण्यासाठी पानांवर जाड मेण धरणारी होती. पुढे जमिनीच्या सुपीकतेसाठी आणि चाऱ्यासाठी लावलेल्या लुपिनसारख्या पिकांच्या पाल्यानेही त्यात भर घातली.

मेण तर सगळ्याच मातींत पडते. मग वाळूलाच ते का बाधते? याचे उत्तर कणांच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळात आहे. एक ग्रॅम जाड वाळूच्या सगळ्या कणांचा पृष्ठभाग एकत्र केला, तर तो चौरस मीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. एक ग्रॅम चिकणमातीचा पृष्ठभाग मात्र 10-20 चौरस मीटरपर्यंत जातो, आणि काळ्या मातीतल्या फुगणाऱ्या खनिजांचा तर त्याच्या कित्येक पट असतो. वाटीभर रंगात एक खिडकी रंगवता येते, पण अख्ख्या वाड्याच्या भिंतींना तेवढा रंग कुठे लागला हेही कळणार नाही. तेवढेच मेण वाळूला पूर्ण झाकते आणि चिकणमातीत हरवून जाते. म्हणूनच ज्या मातीत चिकणमातीचे प्रमाण 5 टक्क्यांहून कमी आहे, अशा मातीतच हा दोष प्रामुख्याने आढळतो. त्या प्रदेशातल्या जंगलतोड झालेल्या मुरमाड, खडेयुक्त जमिनींतही तो तीव्र असतो, कारण खड्यांमधल्या जागेत बारीक मातीच थोडी असते आणि तिच्यावर सेंद्रिय मेण भरपूर असते.

हा दोष बारा महिने सारखा नसतो. माती जितकी कोरडी, तितकी ती पाण्याला अधिक झिडकारते, आणि एकदा पुरेशी ओलावली की तोच थर पाण्याला फारसा अडवत नाही. म्हणजे भर हिवाळ्यात जी वाळू निमूटपणे पाणी पिते, तीच लांबलेल्या उन्हाळ्याच्या शेवटी, नेमकी पेरणीच्या तोंडावर, सर्वांत हट्टी झालेली असते. कोरड्यातली पेरणी या हट्टाला सामोरी जाते.

थेंब आत का शिरत नाही

अळूच्या पानावर पाण्याचा थेंब टाकला, तर तो मोत्यासारखा गोल राहून घरंगळतो. त्याच पानावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला, तर तो पसरतो. या दोन थेंबांमधला फरक समजला, तर या विषयाचा निम्मा भाग समजला.

पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूने धरणारे कोणी नसते, म्हणून तिथे ताणलेल्या पापुद्र्यासारखा एक ताण तयार होतो. त्याला पृष्ठताण म्हणतात. स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन असतो. थेंब एखाद्या पृष्ठभागावर टेकला की दोन ओढींची झुंज सुरू होते. पाण्याला स्वतःची ओढ असते आणि पृष्ठभागाची पाण्यावर ओढ असते. पृष्ठभागाची ओढ जिंकली तर थेंब पसरतो, आणि पाण्याची स्वतःची ओढ जिंकली तर तो गोळा होतो. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते, त्याला स्पर्शकोन म्हणतात. कोन 90 अंशांहून कमी असेल, तर मातीच्या छिद्रांत पाणी आपोआप ओढले जाते. तो 90 अंशांहून जास्त असेल, तर तीच छिद्रे पाण्याला बाहेर ढकलतात.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होते. वाळूतल्या एका छिद्राची त्रिज्या 0.1 मिलिमीटर धरू. कण स्वच्छ असतील, तर हे छिद्र सुमारे 15 सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतक्या जोराने पाणी आत ओढते. दिव्याची वात तेल ओढते, तसेच हे आहे. त्याच छिद्राच्या भिंतींवर मेण बसून स्पर्शकोन 105 अंश झाला, तर ओढ संपते आणि उलट ढकलणे सुरू होते. आता पाणी आत घालायचे असेल, तर वर सुमारे 4 सेंटिमीटर पाणी उभे राहिले पाहिजे. शेतात एवढे पाणी एका जागी तुंबून राहत नाही. ते उताराने निघून जाते किंवा वाऱ्या-उन्हाने उडून जाते. जिथे तुंबते, तिथे मात्र ते एकदम खाली घुसते आणि वर सांगितलेल्या नळीसारख्या वाटा तयार होतात.

बियाण्याच्या बाजूने विचार केला, तर गव्हाच्या दाण्याला मोड येण्यासाठी स्वतःच्या वजनाच्या साधारण 35 ते 45 टक्के पाणी शोषून घ्यावे लागते. हे पाणी त्याला भोवतालच्या मातीच्या कणांवरून, कणाला चिकटलेल्या पाण्याच्या पातळ थरातून मिळते. कणावर पाणीच चिकटत नसेल, तर भोवतालची माती कोरडीच राहते आणि दाणा पुरेसा फुगत नाही. काही वेळा तो अर्धवट फुगतो, पुढची ओल न मिळाल्याने थांबतो आणि वाया जातो.

वेटिंग एजंट नेमके काय करतो

रिठ्याच्या पाण्याला फेस येतो आणि ते पाणी केसांतले तेल सोडवते, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूची एक बाजू पाण्याशी जमवून घेणारी असते आणि दुसरी तेलाशी. अशा दुतोंडी रेणूंना पृष्ठसक्रिय द्रव्ये म्हणतात. साबण आणि धुण्याची पावडर याच कुळातली, आणि मातीसाठीचे वेटिंग एजंटही त्यातलेच. मात्र मातीत वापरण्यासाठी बहुधा अ-आयनिक, म्हणजे विद्युतभार नसलेले प्रकार निवडतात, कारण ते मातीतल्या क्षारांशी आणि खतांशी कमी गुंततात आणि कोवळ्या मुळांना त्यांचा त्रास तुलनेने कमी होतो. धुण्याचा साबण शेतात ओतणे हा त्याला पर्याय नाही.

हे द्रव्य दोन कामे करते. पाण्यात मिसळल्यावर ते पाण्याचा पृष्ठताण 72 वरून 30 च्या आसपास आणते, म्हणजे पाण्याची स्वतःला धरून ठेवण्याची ओढ कमी करते. दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. त्याच्या रेणूची तेलाशी जमणारी बाजू कणावरच्या मेणाला चिकटते आणि पाण्याशी जमणारी बाजू बाहेर राहते. मेण तिथेच असते, ते धुऊन जात नाही, पण त्याच्यावर पाण्याला धरता येईल असा एक नवा पृष्ठभाग तयार होतो. स्पर्शकोन 90 अंशांच्या खाली उतरतो आणि छिद्र पुन्हा पाणी ओढू लागते. काही तयार मिश्रणांत याच्या जोडीला ओल धरून ठेवणारी द्रव्येही असतात. पहिले द्रव्य पाणी आत घेते आणि दुसरे ते बियाण्याच्या जवळ टिकवू पाहते.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे, कारण विक्रीच्या बोलण्यात ती हमखास निसटते. वेटिंग एजंट पाणी निर्माण करत नाही. पाऊसच पडला नाही, तर तो मातीत पडून राहतो. पडलेला थोडा पाऊस वाया न जाता बियाण्यापर्यंत पोहोचावा, एवढेच त्याचे काम आहे.

याहूनही कमी माहीत असलेली बाब अशी की ज्या मातीला हा दोष नाही, तिथे हे द्रव्य उपयोगी तर पडत नाहीच, उलट ओढ कमी करू शकते. वरचेच छिद्र पुन्हा घेऊ. स्वच्छ कणांच्या मातीत ते साध्या पाण्याला 15 सेंटिमीटरच्या जोराने ओढत होते. स्पर्शकोन तिथे आधीच चांगला आहे, त्यामुळे त्यात सुधारणेला वाव नाही. पृष्ठताण मात्र 72 वरून 30 वर आला, आणि ओढ पृष्ठताणावरच अवलंबून असल्याने ती 6 सेंटिमीटरवर घसरते. आजार नसताना घेतलेल्या औषधाची गत इथेही लागू पडते.

एका मीटरला एक थेंब

हे द्रव्य देण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली म्हणजे सगळ्या शेतावर फवारणी. तिला द्रव्य फार लागते आणि खर्च परवडत नाही, म्हणून ती मुख्यतः हिरवळी, गोल्फची मैदाने आणि महागडी भाजीपाला पिके यांच्यापुरती उरते. शेकडो हेक्टरांच्या कोरडवाहू शेतीत दुसरी पद्धत चालते, ती म्हणजे केवळ पेरणीच्या ओळीत बारीक पट्टा सोडणे.

या पट्ट्याचे गणित पाहण्यासारखे आहे. दोन ओळींत 25 सेंटिमीटर अंतर असेल, तर एका हेक्टरात ओळींची एकूण लांबी 40 किलोमीटर होते. हेक्टरी 2 लिटर द्रव्य 80 लिटर पाण्यात मिसळून सोडले, तर ओळीच्या एका मीटरला 2 मिलिलिटर पाणी मिळते आणि त्यात द्रव्य असते 0.05 मिलिलिटर, म्हणजे ढोबळमानाने एक थेंब. पट्टा 2 सेंटिमीटर रुंद असेल, तर शेताच्या 8 टक्के भागावरच द्रव्य पडते आणि 92 टक्के शेत तसेच झिडकारणारे राहते.

ते तसे राहणेच फायद्याचे ठरते. पेरणी यंत्राच्या फणामागे एक दाब-चाक असते. ते बियाण्यावरची माती दाबते आणि ओळीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी छोटी सरी उठवते. दोन सऱ्यांमधला वरंबा पाणी झिडकारतो, म्हणून त्याच्यावर पडलेला पाऊस घरंगळून सरीत येतो. 5 मिलिमीटर पाऊस झाला, तर 25 सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर एका मीटर लांबीत सव्वा लिटर पाणी पडते. त्यातले निम्मे जरी सरीत उतरले, तरी बियाण्याच्या डोक्यावर पोहोचणारे पाणी बेताच्या पावसाला चांगल्या पावसाची योग्यता आणते. सरीच्या तळाशी तो एक थेंब असेल तर हे पाणी आत शिरते, नसेल तर सरीतून वाहत शेताच्या सखल कोपऱ्यात जाते. छतावरचे पाणी पन्हळीने हौदात आणावे आणि हौदाचे तोंडच बंद असावे, तशी ही दुसरी स्थिती आहे.

म्हणून सगळे कौशल्य तो थेंब योग्य जागी पडण्यात आहे. नोझल दाब-चाकाच्या मागे बसवतात, म्हणजे माती दाबून सरी तयार झाल्यानंतर तिच्या तळावर धार पडते. ही धार पंख्यासारखी पसरणारी नसावी, सलग बारीक असावी, नाहीतर वाऱ्याने ती वरंब्यावर जाते आणि वरंबाच पाणी पिऊ लागतो. वेग जास्त झाला, तर पुढच्या फणाने उडवलेली कोरडी वाळू मागच्या सरीत येऊन पडते आणि पट्टा झाकला जातो. कोरडी मेणचट वाळू पाण्यासारखीच वाहते, त्यामुळे अरुंद टोकाच्या फणाच्या मागे ती लगेच ढासळून नेमकी बियाण्याभोवती जमते. पंख असलेले फण ती बाजूला वरंब्यावर सारतात, म्हणून अशा जमिनीत ते अधिक उपयोगी ठरतात. काही शेतकरी दोन धारा सोडतात, एक सरीच्या तळावर आणि एक खाली बियाण्याजवळ. द्रव खत किंवा बुरशीनाशक त्याच टाकीतून द्यायचे असेल, तर आधी काचेच्या बरणीत थोडे मिश्रण करून ते फाटते का, साका बसतो का, हे पाहणे आवश्यक असते, कारण मीटरला एक थेंब सोडणारे नोझल बारीक गुठळीनेही तुंबते.

कुठे उपयोग झाला, कुठे नाही

पश्चिम ऑस्ट्रेलियात अनेक हंगाम घेतलेल्या प्रयोगांचे चित्र सरसकट गुलाबी नाही, आणि ते तसे मांडलेही जाऊ नये. ओळीत दिलेल्या वेटिंग एजंटचा सर्वांत भरवशाचा लाभ कोरड्यात पेरलेल्या गहू आणि जवासारख्या तृणधान्यांना झाला, आणि तोही प्रामुख्याने नैर्ऋत्येकडच्या जंगलतोड झालेल्या मुरमाड जमिनींवर. फिकट रंगाच्या खोल वाळूत परिणाम कधी दिसला, कधी दिसला नाही. कॅनोला आणि लुपिन यांच्यातही निकाल असेच अनिश्चित राहिले. ओल आल्यानंतर केलेल्या पेरणीत बहुतेक वेळा फरकच पडला नाही. याचे कारण वर आलेच आहे. माती ओलावल्यावर दोष आपोआप कमी होतो, मग औषधाला काम उरत नाही.

रोपांची संख्या वाढली म्हणजे उत्पादन वाढलेच, असेही नाही. गव्हाला फुटवे येतात आणि विरळ उगवलेले पीक पुढच्या चांगल्या पावसावर बरीचशी भरपाई करून घेते. त्या वर्षी दाट उगवणीचा फायदा खळ्यावर दिसत नाही. पाऊस तुटक पडलेल्या वर्षी मात्र लवकर आणि एकसारखे उगवलेले पीकच पुढे निघते, तणाला दाबते आणि उघड्या वाळूला वाऱ्यापासून झाकते. माझ्या मते या द्रव्याकडे उत्पादनवाढीचे साधन म्हणून पाहण्यापेक्षा वाईट सुरुवातीविरुद्धचा विमा म्हणून पाहणे अधिक प्रामाणिक आहे. विम्यासारखाच त्याचा हप्ता दर वर्षी भरावा लागतो, कारण ही द्रव्ये मातीत सूक्ष्मजीवांकडून विघटित होतात किंवा पाण्याबरोबर खाली जातात, आणि पुढच्या उन्हाळ्यानंतर मेण पुन्हा तिथेच असते.

कायमचे उपाय वेगळे आहेत आणि भांडवल मागणारे आहेत. खोल नांगराने वरची मेणचट माती 30 ते 40 सेंटिमीटर खाली उलटवून खालची चांगली माती वर आणतात. यंत्राने दोन्ही थर मिसळतात. सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे खालच्या थरातली चिकणमाती काढून हेक्टरी शंभर ते दोनशे-अडीचशे टन वर पसरणे आणि मिसळणे. चिकणमातीचा प्रचंड पृष्ठभाग मेणाला हरवतो, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांनी ही पद्धत गेल्या शतकातच रूढ केली. या उपायांत उघड्या पडलेल्या वाळूला वारा उडवून नेण्याचे भय असते. खालची माती कशी आहे, हे न पाहता ती वर आणली, तर नवा दोष पदरी पडतो.

एका निरीक्षणाचा इथे आवर्जून उल्लेख केला पाहिजे. दक्षिण किनाऱ्यावरच्या मंग्लिनप येथे ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना असे आढळले की नांगरट न करता आणि धसकट राखून पिकवलेल्या शेतात वरची माती मोजणीत अधिक झिडकारणारी होती, तरीही तिच्यात ओल अधिक होती. जुन्या मुळांनी केलेल्या वाटा शाबूत राहिल्याने पाणी त्यांतून खाली उतरत होते. त्यामुळे मागच्या वर्षीच्या ओळीवर किंवा तिच्या अगदी शेजारी पेरणे हा बिनखर्चाचा उपाय पुढे आला. यंत्राला उपग्रहाच्या मदतीने दिशा देण्याची सोय असेल, तर तो सहज करता येतो.

आपल्या मातीला हा दोष आहे का

हे तपासायला प्रयोगशाळेची गरज नाही. वरच्या 5 ते 10 सेंटिमीटर थरातली माती घ्यावी, ती पूर्ण वाळू द्यावी, चाळावी, ताटलीत सपाट करावी आणि तिच्यावर शुद्ध पाण्याचे काही थेंब सोडावेत. थेंब 5 सेकंदांच्या आत शिरला, तर माती निर्दोष आहे. मिनिटभरापर्यंत राहिला तर दोष सौम्य, दहा मिनिटांपर्यंत राहिला तर तीव्र, आणि त्याहून जास्त राहिला तर अतितीव्र समजतात. प्रयोगशाळेत पाण्यात अल्कोहोल वाढत्या प्रमाणात मिसळून थेंब टाकतात. अल्कोहोल पृष्ठताण कमी करते, म्हणून किती अल्कोहोल घातल्यावर थेंब 10 सेकंदांत शिरतो, यावरून मातीच्या हट्टाची मोजणी होते.

महाराष्ट्रातल्या बहुतेक शेतकऱ्यांनी हा थेंब टाकून पाहिला, तर तो लगेच शिरेल. आपली काळी माती फुगणाऱ्या चिकणमातीची आहे आणि मेणाला तिच्यात निभाव नाही. आपल्याकडे पाणी मुरत नाही, त्याची कारणे वेगळी असतात. चोपण जमिनीत सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात, तिथे जिप्समचा विचार करावा लागतो. जोराच्या सरीनंतर वर पापडी धरते, तिथे हलकी कुळवणी किंवा आच्छादन कामी येते. नांगराच्या तळाशी कडक थर बसला असेल, तर तो फोडावा लागतो. या तिन्ही ठिकाणी माती पाण्याला नको म्हणत नाही, तिच्यात वाटच नसते, आणि पृष्ठताण कमी करून वाट तयार होत नाही. धूळवाफ पेरणीही बहुधा वेगळ्या कारणाने फसते. पहिल्या सरीने बी फुगते आणि पुढचा पाऊस लांबतो. पुरेसा, म्हणजे 75 ते 100 मिलिमीटर, पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, हा आपल्या कृषी विभागाचा सल्ला याच धोक्यापोटी आहे.

नावांच्या गोंधळापासूनही सावध राहिले पाहिजे. कृषी सेवा केंद्रात मिळणारे स्टिकर आणि स्प्रेडर हे पानावरची फवारणी पसरावी आणि चिकटावी म्हणून असतात, मातीसाठी नसतात. हायड्रोजेल हे तिसरेच द्रव्य आहे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले पुसा हायड्रोजेल आत आलेले पाणी धरून ठेवते, मात्र पाण्याला आत आणणे हे त्याचे काम नव्हे. आपल्या वाचकाला वेटिंग एजंटची खरी गरज भासू शकते, ती रोपवाटिकेत आणि कुंडीत. कुंडीतले सेंद्रिय मिश्रण, विशेषतः पीट मॉस, पूर्ण वाळले की आक्रसून कडेपासून सुटते आणि घातलेले पाणी कडेने सरळ खाली निघून जाते, मधला गड्डा मात्र कोरडाच राहतो. अशी कुंडी पाण्याच्या बादलीत बुडबुडे येणे थांबेस्तोवर बुडवून ठेवणे हा त्यावरचा जुना आणि पुरेसा उपाय आहे. हजारो ट्रे असलेल्या रोपवाटिकेला ते शक्य नसते, तिथे हे द्रव्य कामाला येते.

थेंबाच्या कसोटीत दोष आढळलाच आणि कोणी हे द्रव्य वापरून पाहणार असेलच, तर शेताच्या मध्यातल्या यंत्राच्या दोन-तीन फेऱ्यांत नोझल बंद ठेवून पेरावे आणि त्या ओळींच्या टोकांना खुंट्या ठोकाव्यात. पाऊस झाल्यानंतर दोन आठवड्यांनी आणि पुन्हा चार आठवड्यांनी, द्रव्य दिलेल्या आणि न दिलेल्या ओळींत दहा-दहा ठिकाणी एकेक मीटर मोजून रोपे मोजावीत. मोजताना सरीच्या तळाशी बोट घालून ओल कुठवर उतरली आहे, तेही पाहावे आणि दोन्ही आकडे त्याच दिवशीच्या पावसाच्या नोंदीशेजारी लिहून ठेवावेत.